कार्यभार सोडणाऱ्याचे कर्तव्य

नव्याने कामावर रुजू होणाऱ्या मनुष्याचे स्वागत करण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. गावात शेतीखात्याचा नवा कार्यकर्ता आला की सरपंच त्याला चहाला बोलावितात, चार प्रमुख शेतकऱ्यांशी त्याची गाठ घालून देतात आणि शिवारातून एक फेरीही होते. जाणाऱ्यालाही शाल, नारळ व हारतुरे मिळतात, त्याच्या गुणांचे वर्णन करणारी दोन-तीन भाषणे होतात. परंतु या दोन समारंभांच्या मध्ये जे खरे काम असते, म्हणजे आपल्या हातातील काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपविणे, त्याविषयी आपण फारसा विचार करीत नाही. मातीचा नमुना कसा घ्यावा, पीक-प्रात्यक्षिक कसे घालावे, शेतकऱ्यांची सभा कशी भरवावी, हे सर्व मला प्रशिक्षणवर्गात शिकविले गेले. गाव कसे सोडावे, हे मात्र कोणी शिकविले नाही. ते मी एका शेतकऱ्याचे नुकसान करून शिकलो. त्या अनुभवाच्या आधारे चार विचार येथे मांडीत आहे.

बदली, बढती, राजीनामा आणि सेवानिवृत्ती ही चारही कारणे निरनिराळी असली, तरी गावाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एकच होतो. काल जो मनुष्य येथे होता, तो आज येथे नाही. त्याने आरंभिलेली कामे मात्र शेतात उभी असतात. पीक कोणाच्या बदलीसाठी थांबत नाही आणि पाऊसही थांबत नाही. यास्तव शेतीशी संबंध असलेल्या नोकरीत, सोडून जाण्याच्या रीतीला इतर कोणत्याही नोकरीपेक्षा अधिक महत्त्व आहे, असे माझे नम्र मत आहे.

सालगड्याकडून शिकण्यासारखे

हा विषय शेतीला नवा नाही. मराठवाड्यात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपते व नवे सुरू होते. खानदेशात ही रीत अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला पाळली जाते. या तिथ्या निवडण्यात जुन्या लोकांचा व्यवहार दिसतो. रब्बीची सुगी आटोपलेली असते, खरिपाची पेरणी अद्याप दूर असते. मनुष्य बदलायचाच असेल, तर तो अशा वेळी बदलावा की ज्या वेळी उभ्या पिकाचे नुकसान होणार नाही. पीक ऐन निंदणीला आले असता काम टाकून जाणाऱ्या गड्याला जसे गावात नाव ठेवतात, तसेच भर हंगामात गड्याला काढून टाकणाऱ्या मालकालाही नाव ठेवतात.

चांगला सालगडी कसा जातो, हे मी पाहिले आहे. साल संपण्याच्या आदल्या दिवशी तो नव्या गड्याला बरोबर घेऊन शिवारात हिंडला. गोठ्यापाशी उभा राहून म्हणाला, “हा पांढरा बैल उजवीकडे जुंपू नको, अडतो. तांबड्याच्या खांद्याला मागे सूज आली होती, आठ दिवस हळद-तेल लावले तेव्हा उतरली. नांगराला धरताना पाहत जा.” विहिरीवर गेल्यावर त्याने पश्चिमेकडच्या काठावरचा एक दगड पायाने हलवून दाखविला. “येथे पाय देऊ नको. मालकाला दोनदा सांगितले आहे, अजून बसविला नाही.” बांध कोठे फुटतो, शेजाऱ्याची पाण्याची पाळी कोणत्या दिवशी असते, पंपाचा स्टार्टर कोणत्या बाजूने धक्का देतो, हे सारे त्याने सांगितले. यांतील एकही गोष्ट कोणत्या वहीत लिहिलेली नव्हती आणि सांगितली नसती तर त्याला कोणी दोषही दिला नसता. मालकाशी त्याचे फारसे बरे नव्हते, म्हणूनच तो साल सोडीत होता. तरीही मालकावरचा राग त्याने बैलावर किंवा मागून येणाऱ्या गड्यावर काढला नाही.

या गड्याला अक्षरओळख नव्हती. पण कार्यभार सोपविणे म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले समजले होते.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मी कृषि सहायक म्हणून एका तालुक्यात काम करीत होतो. मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची मोहीम आम्ही गावोगाव घेत असू. एका कोरडवाहू शेतकऱ्याने चार एकरांसाठी घरचे बियाणे राखून ठेविले होते. त्याच्या पोत्यांतून नमुना घेऊन मी तो आपल्या बिऱ्हाडी नेला आणि ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडून गुंडाळी करून ठेवली. “किती उगवते ते पाहून बियाण्याचे माप सांगतो,” असे मी त्याला म्हणालो होतो.

सातव्या दिवशी मोजले तेव्हा शंभरांपैकी बासष्ट दाणे नीट उगवले होते. सोयाबीनची उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ती बासष्ट टक्के असेल तर तेच माप सुमारे ३४ किलो धरावे लागते. मी हा हिशेब खिशातील रोजनिशीत टिपून ठेविला. त्याच दिवशी माझ्या बदलीचा आदेश आला. पुढले दोन दिवस कार्यालयातील कामात गेले. साठ्याची नोंदवही जुळविली, फवारणी पंप व ताडपत्र्या मोजून दिल्या, कपाटाच्या किल्ल्या स्वाधीन केल्या, प्रलंबित अर्जांची सूची करून तीवर सही घेतली. कार्यभाराच्या अहवालात एकही उणीव नव्हती. वरिष्ठांनी त्याची प्रशंसा केली आणि मीही समाधानाने नव्या गावी गेलो. रोजनिशी खिशातच राहिली.

जुलै महिन्यात तो शेतकरी मला बसस्थानकावर भेटला. “साहेब, तुम्ही नमुना नेलात, मी निरोपाची वाट पाहिली,” तो म्हणाला. “नव्या साहेबांना विचारले, त्यांना काही ठाऊक नव्हते. मग पाऊस चांगला झाला, तेव्हा नेहमीच्या मापाने पेरून टाकले.” त्याचे पीक विरळ झाले होते आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत तण माजले होते. चार एकरांसाठी केवळ सोळा किलो अधिक बियाण्याचा प्रश्न होता आणि तेवढे बियाणे त्याच्या घरात पोत्यात शिल्लक होते. उणीव होती ती फक्त माझ्या एका वाक्याची.

तो रागावला नाही. “बदलीचा माणूस, तुमच्या हातात काय असते?” असे म्हणून त्याने मलाच चहा पाजला. मात्र पुढल्या वर्षी माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याने त्याच्याकडे नमुना मागितला, तेव्हा “मागे एकदा दिला होता,” एवढेच बोलून तो कामाला लागला. हे मला त्या सहकाऱ्याकडून समजले. माझ्या विस्मरणाची किंमत प्रथम शेतकऱ्याने दिली आणि नंतर ती माझ्या सहकाऱ्याला द्यावी लागली. माझी त्यात काहीच हानी झाली नाही. कार्यभार नीट न सोपविण्याच्या दोषाचे स्वरूप असे आहे. दोष करणारा दूर निघून गेलेला असतो आणि त्याचा परिणाम मागे राहिलेल्यांना भोगावा लागतो. म्हणूनच या बाबतीत बाहेरच्या तपासणीपेक्षा स्वतःच्या सदसद्विवेकावरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

तीन याद्या

त्या प्रसंगानंतर मी कार्यभाराचे तीन भाग मानू लागलो. पहिला भाग वस्तूंचा. त्यात किल्ल्या, अवजारे, बियाणे, औषधे व जडवस्तू संग्रह नोंदवहीतील सर्व जिन्नस येतात. येथे सचोटीचा अर्थ केवळ मोजदाद जुळविणे एवढाच नव्हे. कपाटात मुदत संपलेले कीटकनाशक असेल, तर ते ‘औषधे’ या सदराखाली गुपचूप पुढे ढकलू नये. मुदत संपल्याची तारीख लिहून ते वेगळे दाखवावे. नादुरुस्त पंप असेल तर ‘नादुरुस्त’ असा शेरा द्यावा. आपण न सोडविलेली अडचण मागून येणाऱ्याच्या सहीखाली झाकून जाणे ही एक प्रकारची फसवणूकच होय.

दुसरा भाग कागदांचा. अर्ज, प्रस्ताव, मोजमापे, मातीच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या, लाभार्थ्यांच्या सूची यांचा त्यात समावेश होतो. यातही ‘प्रलंबित’ एवढा एक शब्द पुरेसा नसतो. अर्ज कशासाठी अडला, कोणता कागद यावयाचा आहे, तो कोणाकडे मागितला आहे, हे एका ओळीत लिहिले तर नव्या मनुष्याचे कित्येक दिवस वाचतात. मातीच्या नमुन्याचे उदाहरण घ्या. पिशवीत गट क्रमांकाची चिठ्ठी नसेल तर ती माती कोणत्याही शेताची राहत नाही, तिची तपासणी करून उपयोग नाही. संगणकीय प्रणालीचे सांकेतिक शब्द मात्र कागदावर लिहून देऊ नयेत. ते कार्यालयामार्फत रीतसर बदलून घ्यावेत. जुना मनुष्य गेल्यावरही त्याच्या नावाने कामे होत राहणे दोघांनाही धोक्याचे आहे.

तिसरा भाग दिलेल्या शब्दांचा. शासकीय नमुन्यात या भागासाठी रकाना नसतो, पण गावाच्या लेखी हाच भाग सर्वांत मोठा असतो. विस्तार कार्यकर्ता दिवसभरात शेताच्या बांधावर किती शब्द देतो, याची त्याला स्वतःलाही कल्पना नसते. ‘पुढल्या आठवड्यात येऊन बोंडअळी पाहतो’, ‘तुमच्या मुलाचे नाव प्रशिक्षणासाठी सुचवितो’, ‘नमुन्याचे उत्तर आले की कळवितो’, ‘ठिबकाच्या अर्जाचे काय झाले ते विचारतो’. ही वाक्ये बोलणाऱ्याला किरकोळ वाटतात. ऐकणारा मात्र त्यांच्या भरवशावर आपले काम आखतो. या शब्दांची एक यादी करावी. तीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, काय सांगितले होते, ते केव्हापर्यंत करावयाचे आहे आणि आज काम कोठवर आले आहे, एवढे पाच रकाने पुरेत. दोन-तीन पानांचे हे काम आहे. माझ्या बदलीच्या वेळी असे एक पान असते तर त्यावर ‘उगवण ६२ टक्के, एकरी ३४ किलो पेरण्यास सांगणे, पेरणीपूर्वी’ एवढेच लिहावे लागले असते.

या यादीत जे शब्द आता पुरे होण्यासारखे नसतील, ते जाणाऱ्याने स्वतः जाऊन परत घ्यावेत. “मी म्हणालो होतो, पण हे होणार नाही, तुम्ही दुसरी व्यवस्था करा,” असे तोंडावर सांगण्यास धैर्य लागते. तरीही शेतकऱ्याला नकाराने जेवढा त्रास होतो, त्याहून अधिक त्रास अनिश्चित आशेने होतो. नकार मिळालेला मनुष्य दुसरा मार्ग शोधतो. आशा लावून बसलेल्याचा हंगाम जातो.

काय सोपवू नये

सोपविण्याच्या उत्साहात आपले ग्रह व पूर्वग्रहही सोपविले जाण्याचा संभव असतो. ‘अमुक मनुष्य भांडखोर आहे’, ‘त्या वस्तीवर जाण्यात अर्थ नाही’, ‘ते लोक काही ऐकत नाहीत’ असे शेरे तोंडी दिले जातात आणि नवा मनुष्य गावात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या डोळ्यांवर झापड बसते. माहिती द्यावी, मते देऊ नयेत. ‘या शेतकऱ्याचा अर्ज दोनदा परत आला आहे, म्हणून तो आपल्यावर नाराज आहे’ ही माहिती झाली. ती उपयोगाची आहे, कारण तिच्यात नाराजी दूर करण्याचा मार्गही दडलेला आहे. ‘तो भांडखोर आहे’ हे मत झाले. ते खरे असले तरी निरुपयोगी आहे आणि खोटे असेल तर अन्यायाचे आहे.

काही आक्षेप

या सूचनेवर सहकारी तीन आक्षेप घेतात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, बदलीचा आदेश अकस्मात येतो आणि एक-दोन दिवसांत कार्यमुक्त व्हावे लागते, मग याद्या केव्हा कराव्यात? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तरही सोपे आहे. तिसरी यादी बदलीच्या दिवशी करावयाचीच नसते. रोजनिशीच्या मागील पानांवर ती सदैव चालू ठेवावी आणि आठवड्यातून एकदा तीवर नजर टाकावी. जे झाले ते खोडावे, जे नवीन सांगितले ते लिहावे. अशी यादी असली म्हणजे आजारपण किंवा अपघात आला तरी गावाचे काम अडत नाही. शिवाय बदल्यांचा काळ अगदीच अनपेक्षित नसतो. राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीच्या २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असे त्यात म्हटले आहे. हा काळ शेतातील विसाव्याचा असला, तरी विस्तारकार्याच्या दृष्टीने तो विसाव्याचा नाही. मातीचे नमुने, उगवणशक्तीच्या तपासण्या, बियाण्याची व खतांची मागणी ही सारी कामे याच वेळी चालू असतात आणि त्यांची उत्तरे मृगापूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडावी लागतात. म्हणून मार्च महिना उजाडताच ज्याचा पदावधी पुरा होत आला आहे, त्याने आपली यादी नीट करून ठेवावी.

दुसरा आक्षेप असा की, पुष्कळदा मागून येणारा मनुष्य आलेलाच नसतो आणि अतिरिक्त कार्यभार शेजारच्या सहकाऱ्याकडे दिला जातो. त्याच्यामागे त्याचीच कामे एवढी असतात की तो आपल्या गावांकडे कितीसा पाहणार? हेही खरे आहे. परंतु असे असेल तर यादीची गरज कमी होत नाही, वाढते. ज्याला सर्व कामे करण्यास वेळ नाही, त्याला कोणती दहा कामे पेरणीपूर्वी झालीच पाहिजेत हे सांगणे हीच खरी मदत आहे. यादीची एक प्रत पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी आणि ज्यांची नावे तीत आहेत, त्या शेतकऱ्यांना ‘तुमचे काम अमुक जणांकडे लिहून दिले आहे’ एवढे कळवावे. पत्ता ठाऊक असलेले काम सहसा हरवत नाही.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही. दिलेले शब्द कागदावर आले की ते पुढे आपल्यावरच दाखविले जातील, अशी भीती मनात असते. तिचे उत्तर एवढेच की, जो शब्द लिहून ठेवण्याची भीती वाटते, तो देऊच नये. यादी ठेवण्याची सवय लागली की मनुष्य बोलतानाच सावध होतो. तो थोडी आश्वासने देतो आणि दिलेली पाळतो.

राजीनामा देताना

अलीकडे अनेक तरुण कर्मचारी स्पर्धापरीक्षा देऊन वरच्या पदावर जातात, काहीजण खाजगी संस्थांत किंवा बियाणे-औषधांच्या व्यापारात प्रवेश करतात, तर काही घरच्या शेतीकडे वळतात. यात गैर काही नाही. अधिक चांगली संधी शोधणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. मात्र हा हक्क बजावण्याची एक रीत असावी.

आपला निर्णय प्रथम आपल्या वरिष्ठांना समक्ष सांगावा. ही गोष्ट त्यांना चहाच्या टपरीवर दुसऱ्याकडून कळू देऊ नये. राजीनाम्याचे पत्र संक्षिप्त असावे. पद, दिनांक आणि विनंती एवढाच मजकूर पुरे. तक्रारी असतील तर त्या अवश्य मांडाव्यात, पण त्यांसाठी वेगळे पत्र लिहावे व त्यात सुधारणेचा उपायही सुचवावा. रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा कार्यालयाच्या दप्तरात राहतो आणि राग ओसरल्यावरही तो तसाच वाचला जातो. पूर्वसूचनेचा जो कालावधी नियमाने ठरला असेल, तो पुरता काम करून घालवावा. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर स्वेच्छेने निवृत्त होऊ इच्छिणाऱ्यास आपल्या राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. हे दिवस शिक्षेचे नव्हेत. जाणाऱ्याच्या डोक्यातील कामाची माहिती मागे राहणाऱ्यांच्या डोक्यात उतरावी, यासाठी ते दिलेले असतात. ते रजेत किंवा बेफिकिरीत घालविणारा मनुष्य नियम पाळतो, पण नियमाचा हेतू बुडवितो.

एका गोष्टीविषयी विशेष स्पष्टपणे लिहिले पाहिजे. शासकीय सेवेत असताना जमविलेल्या शेतकऱ्यांच्या नावांच्या व भ्रमणध्वनी क्रमांकांच्या याद्या ही कर्मचाऱ्याची खाजगी मालमत्ता नव्हे. कोणाकडे किती एकर कापूस आहे, कोण कोणते औषध वापरतो, ही माहिती शेतकऱ्याने आपल्याला सरकारचा मनुष्य म्हणून विश्वासाने दिलेली असते. उद्या आपण व्यापारी संस्थेत गेलो आणि त्याच याद्या घेऊन विक्रीसाठी त्याच दारात उभे राहिलो, तर शेतकऱ्याला सल्ला कोणता आणि विक्री कोणती हे ओळखता येणार नाही. त्यामुळे आपल्या मागे येणाऱ्या प्रामाणिक कार्यकर्त्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही. गावासाठी व्हॉट्सॲपवर चालविलेला गटही असाच नव्या मनुष्याच्या हाती सोपवावा आणि आपण त्यातून बाहेर पडावे. जाताना ‘यापुढे या गटावरील सल्ला माझा नसेल’ असे एक वाक्य लिहिण्यास विसरू नये.

गेल्यानंतर काही काळ शेतकऱ्यांचे दूरध्वनी येतातच. एक हंगाम संपेपर्यंत त्यांना सौजन्याने उत्तर द्यावे, पण प्रत्येक वेळी नव्या मनुष्याचे नाव सांगून त्याच्याकडे पाठवावे. जुन्या कार्यकर्त्याने दुरून सल्ला देत राहिल्यास त्याची लोकप्रियता टिकते, परंतु नव्याचे पाय गावात रोवले जात नाहीत.

मागे राहणारा लेख

नीट लिहून ठेविलेले काम मनुष्य गेल्यावरही किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण आपल्या शेतीखात्याच्या इतिहासातच आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जमीन, पिके, कर्ज व कुटुंबे यांची बारकाईने पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर १९२१ साली जातेगाव बुद्रुक या गावाची पाहणीही त्यांनी प्रसिद्ध केली. १९२७ साली ते येथील सेवेतून निवृत्त झाले. पुढे पिंपळे सौदागरची फेरपाहणी अन्य अभ्यासकांनी केली आणि ती १९६० साली प्रसिद्ध झाली. मधल्या चार दशकांत गावात काय पालटले, हे सांगता आले ते पहिल्या मनुष्याने शेतवार व घरवार नोंद ठेविली होती म्हणून. आपणा सर्वांकडून एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा नाही. पण आपल्या वाट्याच्या गावांचे एकेक पान लिहून ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. कोणत्या ओढ्याला कधी पाणी राहते, कोणत्या शिवारात हुमणी वारंवार येते, कोणता प्रयोग केला व तो का फसला, एवढे त्यात असावे. फसलेल्या प्रयोगाची नोंद तर अवश्य ठेवावी. ती नसल्यास तीन वर्षांनी येणारा नवा मनुष्य तोच प्रयोग त्याच शेतात नव्या उत्साहाने करतो आणि शेतकरी मनात हसतो.

देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि पुढल्या वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. त्या आखणीत सुमारे दहा गावांमागे एक ग्रामसेवक होता. पुढे योजना बदलल्या, पदांची नावे बदलली, खात्यांची रचना बदलली. शेतकऱ्याच्या दारात उभा राहणारा एक मनुष्य आणि त्याचा शब्द, या दोन गोष्टी मात्र विस्तारकार्याच्या मुळाशी तशाच राहिल्या आहेत. मनुष्य बदलणे अपरिहार्य आहे. शब्द मात्र तुटता कामा नये.

ठेवून घेणाऱ्यांचेही कर्तव्य

सर्व भार जाणाऱ्यावरच टाकणे न्यायाचे होणार नाही. कार्यालयाने जाणाऱ्याला व येणाऱ्याला निदान दोन दिवस एकत्र गावांतून हिंडता येईल अशी व्यवस्था करावी. कागदावरच्या कार्यभारापेक्षा हे दोन दिवस अधिक मोलाचे ठरतील. ज्याने राजीनामा दिला, त्याच्याकडे अपराधी म्हणून पाहू नये. त्याचे अंतिम वेतन प्रमाणपत्र व अन्य कागद वेळेवर द्यावेत.

हीच गोष्ट शेतकरी बंधूंनी आपल्या सालगड्याच्या बाबतीत ध्यानात ठेवावी. साल संपले की त्याचा हिशेब त्याच दिवशी चार लोकांसमक्ष चुकता करावा. उचल फिटली नाही म्हणून त्याला अडकवून ठेवणे हे माणुसकीला सोडून आहे. शिवाय कर्जापोटी सक्तीने राबवून घेण्याची पद्धत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने बंद केली आहे, हे विसरू नये. जो मालक जाणाऱ्या गड्याचा हिशेब चोख देतो, त्याच्याकडे पुढल्या पाडव्याला चांगला गडी आपण होऊन येतो. आणि जाणारा गडीही विहिरीचा सुटलेला दगड दाखविल्यावाचून जात नाही.

माझ्या निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. शेवटच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मध्यान्होत्तर मी कार्यभार सोडीन, तेव्हा नोंदवह्या जुळतीलच, ते काम सरावाचे आहे. त्यापूर्वी रोजनिशीच्या मागील पानांवरील यादी घेऊन एकदा सर्व गावांतून फिरून यावयाचे मी ठरविले आहे. तीत आज अकरा नावे आहेत. त्यांपैकी सातांचे काम माझ्या हातून पुरे होईल, असा अंदाज आहे. तिघांचे काम मागून येणाऱ्याकडे लिहून द्यावे लागेल. एकाला दिलेला शब्द मात्र पुरा होण्यासारखा नाही. त्याच्या शेतावर मी सर्वांत आधी जाणार आहे.